संगप्पामामांच्या गाडीचा ताप

लिहिणं हे आमच्या घरातलं काम नाही. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तेही सायन्सला. तेव्हा एखाद्या माणसावर लिहायला बसणं म्हणजे जरा आगाऊपणाच. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण संगप्पामामांवर अजून कुणी लिहिलेलं नाही, आणि कुणी लिहील असं दिसतही नाही.

निलंग्यात आमच्या शेजारी राहणारे मामा रोज सकाळी उठून, इष्टलिंगाच्या पूजेच्याही आधी, आपल्या मोटारीच्या बॉनेटवर तळहात ठेवत. रात्रभर उभी असलेली गाडी गारच असणार. तरी डोळे मिटून म्हणत, "सध्या उतार हाय."

मामा सरकारी जीपचे ड्रायव्हर होते. लातूर जिल्हा नवा झाला, साहेब लोकांना नव्या गाड्या आल्या आणि एक जुनी पांढरी मोटार लिलावात निघाली. नुकत्याच रिटायर झालेल्या मामांनी ती घेतली. तिला खोड एकच. दोन-तीन मैल चालली की काटा लाल रेघेवर आणि बॉनेटमधून वाफ. त्या साली पाऊस असा झालाच नव्हता. टँकरचं गोडं पाणी फक्त पिण्यापुरतं मिळायचं; बाकी सगळ्याला गल्लीतल्या बोअरचं खारं. गाडीलाही तेच.

गाडी फुसफुसत परतली की समोरच्या चाची ओट्यावरून ओरडायच्या, "क्या संगप्पा, चाय का पतेला लाऊं क्या?"

"थांबा वो चाची. आजार घावला की बोलतो तुमच्याशी."

आजार काही घावत नव्हता. लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, पाण्याच्या पंपाला टेकवायचा, मूठ कानाशी धरायची आणि डॉक्टरसारखं ऐकायचं. "ठणठणीत." पंख्याचा पट्टा दाबून बघायचा. "ताठ हाय." तेलाची काडी काढून बोटांत तेल चोळायचं. "पाणी शिरलं न्हाई." थर्मोस्टॅट तर त्यांनी दोऱ्याला बांधून चहाच्या पातेल्यात उकळला. पाणी तापल्यावर त्याची झडप बरोबर उघडली, तेव्हा मामांचं तोंड उतरलं. "हे बी शाणं निघालं," ते म्हणाले. प्रत्येक तपासणीनंतरचं वाक्य ठरलेलं, "आजार दुसराच हाय."

घाई मात्र खरी होती. त्यांची एकुलती एक मुलगी महानंदा भोकरला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी. मामी हयात नव्हत्या, म्हणून सगळं माझी आई करणार होती. पण सातवा महिना सरायच्या आत महानंदाताईला आणायला हवं होतं. आठव्यात आमच्याकडे बाईला प्रवास करू देत नाहीत. एसटीनं आणा म्हटलं की मामा उसळत. "उभा जन्म सायबांच्या बायका मऊ सीटवर बशिवल्या. आन् माझी पोरगी यष्टीत धक्के खात यील व्हय?"

मी सुट्टीत घरी आलो तेव्हा सातवा सरायला दहा दिवस राहिले होते. एकदा आमच्या अंघोळीच्या बंबात डोकावलो, तर आतून जाड पांढरा थर. बोअरच्या पाण्याचाच. दोन दिवस मी धीर गोळा केला. मग भीत भीत म्हणालो, "मामा, रेडिएटरच्या नळ्या क्षारानं बुजल्या असतील. धुऊन गोडं पाणी भरलं तर..."

"का वो सायन्स, पुस्तकात एवढंच लिवलंय?" मामा हसले नाहीत. "ते मला पयल्याच दिशी कळलं."

त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. कोपऱ्यात दोन रांजण, तोंडाला स्वच्छ धोतर बांधलेलं. आत काठोकाठ टँकरचं पाणी. आपल्या वाट्यातून तांब्या-तांब्यानं बाजूला काढलेलं. स्वतः मामा बोअरचं पीत होते.

"लेकरू येणार. त्याला खाऱ्या पाण्यानं न्हाऊ घालू व्हय? अंग उलतंय," ते म्हणाले. "ह्यातलं काढायला हात होईना. म्हणून दुसरा काई आजार निघतो का, ते बगून ऱ्हायलो होतो."

घरी येऊन आईला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेज उघडलं म्हणून लातूरला परत गेलो. सातव्याचे ते दहा दिवस सरले. मग आणखी आठ. होस्टेलवर काहीच कळेना. आईला लिहिता येत नाही, आणि मामांना विचारायची मला हिंमत नव्हती.

शेवटी एक कार्ड आलं.

"चि. सायन्स यास आशीर्वाद. तुझ्या आईनं गल्लीभर सांगितलं. चिंचेच्या पाण्यानं रेडिएटर धुतला, पांढरा चिखल निघाला. गोडं पाणी चाचीनं आणलं, दोन कळश्या. म्हणाली, इंजन को पिलाव, मेरी चाय रहने देव. रांजण तसेच हायेत. सातवा सरायच्या आत महानंदाला आणली. भोकरहून येताना काटा मधीच होता. तरी मी सारखा थांबून बॉनेटवर हात ठेवून बघत होतो. शेवटी महानंदा म्हणाली, अप्पा, मी बी हाय की गाडीत. मग तिच्या बी कपाळावर हात ठेवला. गार हाय."