कर्ता कोण?

आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप गटावर सुप्रभातचा संदेश टाकायला हिंमत लागते. फुलाच्या चित्राखाली सुविचार पडला रे पडला, की खिल्लारे सरांचा प्रश्न येतो : "कर्ता कोण?" टाकणारा निमूटपणे संदेश पुसतो. हिंगोलीत सगळीकडे सकाळ होते. आमच्याकडे ती शुभेच्छांवाचून होते.

सर वकिलीच्या कॉलेजात कॉपीराइट शिकवत. म्हणजे लिहिलेल्या-रचलेल्या गोष्टींवरचा मालकी हक्क. आपल्या जिल्ह्यातली माणसं कोर्टात जातात ती शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्यामुळे त्यांच्या तासाला पोरं बेताचीच. एकदा एक जण म्हणाला, "सर, हे राहू द्या. धुऱ्याचं भांडण शिकवा."

"तेच तर शिकवून राहिलो," सर म्हणाले. "ह्याला बी धुरा असतोय. दिसत न्हाई, एवढंच."

निवृत्तीनंतर वर्ग सुटला, प्रश्न सुटला नाही. कनेरगाव नाक्याच्या एका लग्नात पत्रिकेवरची कविता वाचून त्यांनी भर मांडवात विचारलं, "कर्ता कोण?" नवरीचे वडील घाम पुसत धावत आले.

"कर्ता मीच की, सर! जेवणात काई कमी पडलं का?"

"कविता तुमची?"

"कविता, मांडव, आचारी, बँड, समदं माझंच!"

सर जेवले, पण वरणाचं कौतुक त्यांनी आचाऱ्याचं नाव विचारून मगच केलं.

घरातही सुटका नाही. मी एकदा वहिनींच्या चटणीला नावाजलं, तर सर म्हणाले, "चटणी हिच्या जवळा बाजार गावच्या मावशीची. लसूण तेवढा हिचा."

"मावशीला जाऊन जमाना झाला," आतून वहिनी म्हणाल्या. "आता तरी माझी म्हणा!"

"कर्त्याच्या मरणानंतर साठ वर्सं थांबावं लागतंय. कायदाच हाय तसा."

"मग तवर नुसती भाकर खा."

असे हे सर. पण मला त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नाही. मी त्यांच्या समोरच राहतो, आणि माझे विनोद तर सगळे ऐकीव. लोक म्हणत, गुरुजींचा मान ठेवतात. शिरड शहापूरला मी त्यांना चौथीत शिकवलं होतं. मीही तसंच सांगायचो. खरं कारण मला ठाऊक होतं.

शाळेला लागून शेत होतं. तिथं खुरपणाऱ्या बायका एक गाणं म्हणायच्या :

ढगा दादा, थांब जरा शाळंच्या पल्याड,
लेकराच्या पाटीवर अक्षर हाये उघड.

मी बांधावर जाऊन विचारलं, "कुणी केलं हे?"

"हिनंच की, गुरुजी. गयानं," बायकांनी बोट दाखवलं. गयाबाई खिल्लारे तोंडाला पदर लावून हसली.

स्नेहसंमेलनात मी ते मुलांकडून बसवून घेतलं. कार्यक्रमपत्रिका लिहिताना मात्र हात अडला. तालुक्याचे पाहुणे येणार होते. रोजानं खुरपणाऱ्या, त्यात पुन्हा गावकुसाबाहेरच्या बाईचं नाव तिथं मला शोभेलसं वाटेना. मी लिहिलं, 'गीत : पारंपरिक'. पहिल्या रांगेत उभा राहून चौथीतला मिलिंद खिल्लारे खणखणीत गायला. गाण्यातलं लेकरू तोच होता. पत्रिका त्यानंही वाचली होती.

गाणं पुढं शाळाशाळांतून गेलं. पारंपरिक म्हणूनच.

यंदाच्या प्रजासत्ताक दिनी कॉलनीतल्या मुलींनी तेच म्हणायला घेतलं. निवेदन करणारी पोरगी म्हणाली, "आता एक पारंपरिक गीत." सगळी कॉलनी सरांकडं वळली. कोणी तरी हसून म्हणालंसुद्धा, "हं, सर, येऊ द्या!" सर खाली मान घालून चपलेचा अंगठा न्याहाळत राहिले. गाणं संपलं, टाळ्या पडल्या, तरी मान वर झाली नाही.

मी उठलो. गुडघे दुखतात, म्हणून आधी खुर्चीला धरलं.

"सर, विचारा की. कर्ता कोण?"

"बसा, गुरुजी." ते हळू म्हणाले. "आईकडं पुरावा न्हाई. केस उभी राहत न्हाई."

"साक्षीदार उभा आहे ना," मी म्हणालो, आणि माइक हातात घेतला. "हे गाणं पारंपरिक नाही. ते गयाबाई खिल्लारे यांनी रचलं, शिरड शहापूरच्या शेतात. मला त्याच दिवशी माहीत होतं. नाव मी गाळलं."

सरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. बराच वेळ पुसला. मग उठून माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता काही तरी ऐकावं लागणार, आणि ऐकायची माझी तयारी होती.

त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला.

"एक दुरुस्ती," ते म्हणाले. "शब्द आईचे. चाल मात्र तिच्या आईची."

पोरगी कागदावर लिहून घेऊ लागली. "सर, त्यांचं नाव?"

सगळ्या कॉलनीला एकच प्रश्न विचारत आलेला माणूस माझ्याकडं पाहत राहिला, चौथीत उत्तर अडलं की पाहायचा तसा.

"आमी नुसतं आजी म्हणायचो, गुरुजी."