परुळेकरांची बाथरूम

परुळेकर कुणाच्याही घरी गेले की आधी बाथरूम बघायला मागत. गरज म्हणून नव्हे. आत गेल्यावर ते दार लोटून घेत, खिशातून हिरव्या काचेची एक गोटी काढत आणि कोपऱ्यात ठेवून सोडून देत. गोटी घरंगळत जाळीपाशी गेली तर प्रसन्न चेहऱ्याने बाहेर येऊन चहा घेत. मध्येच थांबली तर यजमानाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "पाण्याला उतार पाहिजे हो. उतार नाही म्हणजे काहीच नाही."

मुलुंडला आमच्या सोसायटीत ते आमच्या समोरच्याच ब्लॉकमध्ये राहत. एका खाजगी कंपनीत ड्राफ्ट्समन होते. लग्न केलं नव्हतं. कानावर पेन्सिल असे, ती रविवारीही असे.

माझ्या धाकट्या भावासाठी बोरिवलीला मुलगी बघायला गेलो तेव्हा वडीलधारं कुणीतरी बरोबर असावं म्हणून आम्ही परुळेकरांना नेलं. पोहे आले, मुलगी आली, आणि परुळेकर गायब. सगळे गप्प बसलेले असताना आतून टक्, घर्रर्र असा आवाज आला आणि मध्येच थांबला. ते बाहेर आले, खुर्चीवर बसले आणि गंभीरपणे म्हणाले, "मुलगी उत्तम आहे. पण पाणी दाराकडे येतंय."

मुलीचे वडील उठून आत डोकावून आले. मग हळूच म्हणाले, "बारा वर्षं झाली, बायको रोज तेच सांगतेय." लग्न जमलं. माझी भावजय अजून म्हणते की त्या घरात तिच्याइतकीच चर्चा त्या दिवशी बाथरूमची झाली.

आता असा माणूस स्वतःच्या घरी कशा बाथरूममध्ये आंघोळ करत असेल? तर अत्यंत भिकार. बिल्डरने दिलेली, तशीच ठेवलेली. खाली खडबडीत शहाबादी फरशी, कोपऱ्यात सिमेंटची टाकी, चिंधी बांधलेला पितळी नळ, आणि दार असं फुगलेलं की लागायचंच नाही. ते आत असले की दाराच्या फटीत बादली सरकवून ठेवत. एकटा माणूस, चालून जात होतं.

मग एका दिवाळीत ते आमच्याकडे फराळाला आले आणि चकली मोडत म्हणाले, "मार्गशीर्षात बाय येतेय. कायमची."

बाय म्हणजे त्यांची थोरली बहीण. मालवणजवळच्या गावात एकटीच राहायची. आई लवकर गेली, परुळेकरांना तिनेच वाढवलं. आता तिच्याच्याने विहिरीचं पाणी ओढवत नव्हतं.

"बेडरूम तिला देणार," ते म्हणाले. "आणि बेडरूममधली बाथरूम सगळी तोडणार. फरशी, टाकी, नळ, दार. काही ठेवणार नाही."

"आणि तुम्ही आंघोळ कुठे करणार?" माझ्या बायकोने, नंदाने, सहज विचारलं. तिने ते विचारायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला बेल वाजली. दारात परुळेकर, खांद्यावर पंचा, हातात साबणाची डबी. ते महिनाभर रोज आले. आंघोळ करून निघताना रोज एक शेरा द्यायचे. "आरसा अडीच इंच वर आहे." "खुंटी चुकीच्या भिंतीवर आहे." "वहिनी, तुमच्याकडे घंगाळ उजव्या बाजूला का असतं?" नंदा म्हणायची, "एक दिवस मीच यांना घंगाळात बुडवणार." पण आमचा दोन वर्षं गळणारा नळ एका सकाळी गळायचा थांबला. दुसऱ्या दिवसापासून नंदा त्यांच्यासाठी पाणी थोडं जास्त तापवायला लागली.

काम रामअवध मिस्त्रीकडे होतं. शांत माणूस. पण परुळेकरांनी त्याच्या शांतपणाची परीक्षा घेतली. त्याने पांढऱ्या लादीची जमीन केली, परुळेकरांनी गोटी सोडली, गोटी अर्ध्यात थांबली. "तोडो," परुळेकर म्हणाले. दुसऱ्यांदा केली, गोटी जाळीपर्यंत गेली पण वळून. "तोडो." तिसऱ्यांदा मिस्त्रीने आधी स्वतःच्या गोटीने तपासणी केली. होय, तोवर त्यानेही एक गोटी घेतली होती, निळी. दोघं चार कोपऱ्यांतून गोट्या सोडत ओणवे बसलेले असत, आणि जिना चढणारे लोक आत येऊन बघत.

तेवढ्यात टब आला.

पार्ल्याला एक जुना बंगला पाडत होते. तिथून परुळेकरांनी लोखंडी टब आणला, पांढरा, लांबलचक, खाली सिंहाचे चार पंजे. टेम्पोतून उतरवायला सहा माणसं लागली. दुसऱ्या मजल्यावर चढवताना जिन्यात अडकला, तेव्हा वरचे वर आणि खालचे खाली राहिले. तिसऱ्या मजल्यावरचे गोखले ऑफिसला जायला निघाले होते, ते शेवटी बूट काढून टबातून चालत गेले.

"पण काका, टब कशाला?" मी विचारलं.

"तिने जन्मभर दोन तांब्यांत आंघोळ केलीय रे. एकदा पाण्यात बसू दे."

टब बाथरूममध्ये गेला खरा. पण मग दार लागेना. नवंकोरं दार सहा इंच उघडं राहायचं. ज्या माणसाने सगळ्या सोसायटीची मापं काढली होती, त्याने टबाचं मापही बरोबरच काढलं होतं. पण फक्त टबाचं. सिंहाचे पंजे बाहेर येतात आणि लादी बसली की भिंतही दोन इंच आत येते, हे धरलंच नव्हतं.

बाय यायला चार दिवस राहिले होते.

"साहब, पैर काट देते हैं," मिस्त्री म्हणाला.

परुळेकर उंबऱ्यात उभे राहून कितीतरी वेळ ती सहा इंचांची फट बघत होते. पाय कापूनही फट दोन इंच उरत होती, हे त्यांनी पेन्सिलीने भिंतीवरच मांडून बघितलं.

"दार बाहेर उघडणारं करा," मी सुचवलं. "नाहीतर पडदा लावा. घरात तुम्ही दोघंच तर असणार."

"दार लागलंच पाहिजे," ते म्हणाले. "आणि बाहेर उघडलं तर कपाटाला अडतं. टब काढा."

त्या टबासाठी ते दोन आठवडे पार्ल्याला खेपा घालत होते. एका वाक्यात त्यांनी तो काढून टाकला. सहा माणसं परत आली. या वेळी टब गच्चीवर गेला, कारण जिन्याच्या त्याच वळणावरून परत खाली न्यायला माणसांनीच नकार दिला. त्यात मग परुळेकरांनी अळू लावलं आणि पुढची कित्येक वर्षं सोसायटीत सगळ्यांनी अळूचं फदफदं खाल्लं. सेक्रेटरींनी सभेत टबाविरुद्ध ठराव आणला होता, पण त्यांच्याच घरी आदल्या दिवशी अळूवड्या झाल्या होत्या, त्यामुळे तो बारगळला.

बाय आली. छोटीशी, वाकलेली, नऊवारी नेसलेली म्हातारी. तिने नवी बाथरूम बघितली, पांढऱ्या लाद्यांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "हय देव ठेवतले काय?" परुळेकर इतके हसले की कानावरची पेन्सिल पडली.

चार-पाच दिवसांनी, रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला, मी पेपर मागायला त्यांच्याकडे गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. बेडरूममध्ये परुळेकर स्टुलावर बसले होते. बाथरूमच्या बंद दाराकडे पाठ करून, हात गुडघ्यांवर, अगदी ताठ. आत पाण्याचा आवाज येत होता. मला बघताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"काय झालं?" मी हळूच विचारलं. "बरं नाही का त्यांना?"

"बरी आहे. आंघोळ करतेय."

"मग तुम्ही इथे का बसलाय? आत कडी नाही?"

"दोन आहेत. मीच लावल्यात." मग आवाज खाली आणून म्हणाले, "गावाला आमच्याकडे न्हाणी नव्हती रे. विहिरीमागे माडाच्या झावळ्यांचा आडोसा. शेजारचे लोक वाईट होते. ती उजाडायच्या आत आंघोळ उरकायची, आणि मला बाहेर पाठ करून बसवायची. मी असेन सहा-सात वर्षांचा. झोपेने पेंगायचो. मग ती दर मिनिटाला हाक मारायची, मी आहे का बघायला. एकदा मी झोपलो."

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि परत ठेवली.

आतलं पाणी थांबलं. बंद दारामागून म्हातारीचा आवाज आला, "बाळ्या, आसस मां रे?"

"आसंय गे बाय," परुळेकर मान न वळवता म्हणाले. "तू सावकाश न्हा."

पुन्हा पाणी सुरू झालं. मी पेपर न घेताच बाहेर आलो आणि त्यांचं दार ओढून घेतलं.