तटस्थ पंच

महायुद्धाच्या काळात आयर्लंडमधल्या किलारन गावच्या मैदानात अमेरिकी लढाऊ विमान उतरलं, तेव्हा पोलीस सार्जंट माल्की टूहीला काळजी पडली ती मैदानाची. तीन वाजता तिथे शेजारच्या ड्रमबेगशी हर्लिंग या काठी-चेंडूच्या खेळाचा अंतिम सामना होता आणि पंच व्हायला कुणी तयार नव्हतं. गेल्या वर्षीचा पंच नदीत फेकला गेला होता आणि मग दोन्ही गावं खेळाच्या काठ्या घेऊन एकमेकांवर धावली होती. यंदा पुन्हा दोन गावांत मारामारी झाली, तर टूहीची बदली थेट समुद्रातल्या बेटावर, असं वरून लेखी आलं होतं.

"बेटावर तू एकटा जा," बायको नोरा म्हणाली होती. "मी बटाटे काढून येते. जमलं तर."

वैमानिक हात वर करून खाली उतरला. नाव लेफ्टनंट ह्रुस्का.

"हात खाली घ्या हो," टूही म्हणाला. "आयर्लंड आहे हे. आम्ही तटस्थ. आता सांगा, सरावाला निघाला होतात की लढाईला?"

"खरं सांगायचं तर..."

"खरं नका सांगू! लढाई म्हणालात, तर युद्ध संपेस्तोवर आमच्याकडे नजरकैद. सराव म्हणालात, तर सहा वाजता लष्कराचा ट्रक उत्तरेकडच्या ब्रिटिश सरहद्दीपर्यंत सोडेल."

"सराव," ह्रुस्का म्हणाला.

"मग या बंदुका?"

"वजनासाठी."

टूहीनं वहीत 'वजन' असं लिहिलं.

दोन्ही संघांनी मिळून विमान कडेला ढकललं. दोन्ही गावांनी एकत्र केलेलं हे पहिलंच काम. तेवढ्यात फादर क्विल्टी शिट्टी घेऊन आले.

"कुठला हा?"

"नेब्रास्काचा, फादर."

"ड्रमबेगच्या पलीकडे का?"

"बराच पलीकडे."

"काय रे बाबा, तुझी आजी, मावशी, कुणी इकडची?"

"आजी प्रागची," ह्रुस्का म्हणाला.

फादरनी शिट्टी त्याच्या गळ्यात अडकवली. "सापडला! अख्ख्या परगण्यात एवढाच तटस्थ माणूस आहे."

"फादर, तो युद्धात आहे!"

"आपल्या युद्धात नाही ना?"

सामना रंगला. आपणच एका गुणानं जिंकलो, याबद्दल दोन्ही गावांना तिळमात्र शंका नव्हती. ह्रुस्कानं शिट्टी फुंकली, दोन्हीकडे बघून प्रसन्न हसला आणि म्हणाला, "दोघंही छान खेळलात. बरोबरी!"

दोन्ही गावं मिळून त्याच्यावर धावली.

टूहीनं त्याला कॉलरला धरून चौकीपर्यंत पळवलं, कोठडीत घातलं, बाहेरून कुलूप लावलं आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. फादर खिडकीतून ओरडत होते, "एक मिनिट बाहेर दे, माल्की! एकच मिनिट!"

सहा वाजता ट्रक आला. लष्कराच्या कॅप्टननं ह्रुस्काचा सुजलेला डोळा पाहिला.

"दोन गावांत मारामारी झाली म्हणे?"

"छे, साहेब," टूही म्हणाला. "दोन्ही गावं एकाच बाजूला होती."

कॅप्टननं वही उघडली. "आणि हा? सराव की लढाई?"

टूहीनं कोठडीकडे पाहिलं, मग बाहेरच्या काठ्यांकडे.

"उतरला तेव्हा सरावच होता, साहेब."