इगतपुरी मानेखाली, मनमाड पोटाशी

आमच्या शेजारच्या लीलाताई देवरे रात्री झोपताना इगतपुरी मानेखाली घ्यायच्या, येवला गुडघ्यांखाली आणि मनमाड पोटाशी. ही सगळी उशांची नावं. आम्ही सातपूरला राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या बायकोला भिंतीपलीकडून हाक मारली, "वैशाली, येवला पलंगाखाली गेलंय गं, तेवढं काढून दे. मला वाकवत नाही." वैशालीने माझ्याकडे पाहिलं. शेजार कसा मिळावा हे आपल्या हातात नसतं, एवढंच मी म्हणालो.

बाईंची सगळी नोकरी नाशिकच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. परगावचे ट्रंक कॉल जोडायचं काम. लग्न केलं नाही. जगाला जोडता जोडता स्वतःचं जोडायचं राहून गेलं, असं गल्लीतला प्रत्येक जण म्हणायचा, म्हणून मी म्हणत नाही. पुढे लोक घरबसल्या नंबर फिरवून थेट बोलायला लागले, बोर्डावरच्या बायकांची गरज संपली, आणि लीलाताई घरी बसल्या. नेमकं तेव्हाच त्यांना सांधेवाताने गाठलं.

सांधेवात वाईटच, पण त्याची सकाळ फार वाईट. रात्रभर अंग पडून राहिलं की सांधे आखडून जातात. बोटं मिटत नाहीत, गुडघे वळत नाहीत, कुशीवर व्हायचं तरी डोळ्यांत पाणी येतं. लीलाताई हे सगळं त्यांच्या भाषेत सांगायच्या. "रात्री लाइनी बंद पडतात हो बोरस्ते. सकाळी एकेक जोडून घ्यावी लागते." आमच्या दोन घरांमधली भिंत पातळ. मी दाढी करत असलो की पलीकडून सुरू व्हायचं, "उजवं मनगट, हॅलो. उजवं मनगट. होल्ड करा. डावा गुडघा, हॅलो. एंगेज." मी कंपनीत जायला निघेपर्यंत कधी खांद्यापर्यंत मजल गेलेली असायची, कधी मनगटही लागलेलं नसायचं.

डॉक्टरांनी त्यांना एकदा सांगितलं होतं, गोळ्या चालू ठेवा, पण झोपेत सांध्यांना आधार हवा. मान लोंबकळायला नको, गुडघे ताणायला नकोत, खांदा पुढे पडायला नको. बाईंनी हा हेड ऑफिसचा हुकूम मानला. मानेखालची उशी चपटी हवी, गुडघ्यांखालची लांबट हवी, पोटाशी धरायची जाडसर हवी, म्हणजे वरचा हात तिच्यावर टेकतो. पिंजाऱ्याकडून त्यांनी एकच गादी तीनदा उसवून पिंजून घेतली. आधी फार मऊ झाली, मग फार कडक झाली, आणि तिसऱ्या खेपेला "मध्ये जरा कडक, कडेला जरा मऊ" असं त्यांनी सांगितल्यावर तो पिंजारी आमच्या गल्लीत यायचाच बंद झाला.

एवढा आटापिटा कशासाठी, तर दाराच्या कडीसाठी. त्यांचा पुतण्या पुण्याला. स्वभावाने वाईट नव्हता, फक्त घाईत असायचा. त्याने बजावून ठेवलं होतं, "आत्या, ज्या दिवशी सकाळी तुला दार उघडता येणार नाही, त्या दिवशी तुझी आश्रमात सोय. मी पाहून ठेवलाय." तेव्हापासून लीलाताईंचं सगळं आयुष्य त्या कडीला टांगलेलं. दूधवाला यायच्या आत कडी निघाली पाहिजे. बोटांनी निघेना झाली तेव्हा त्यांनी कडीला सुतळी बांधली, ती खिळ्यावरून पलंगापर्यंत आणली आणि दातांनी ओढायला लागल्या. दार उघडलं की आतून विजयी आवाज यायचा, "लागली लाईन!" दूधवाला गोंधळून पातेल्यात दूध ओतायचा आणि लगबगीने निघून जायचा.

पुतण्याने मग आपुलकीने स्पंजची मोठी गादी पाठवली. नाशिकची थंडी, त्यात ती नवी कोरी गादी. बाई तिच्यात ज्या रुतल्या त्या वर येईनात. सुतळी दिसत होती, तोंड पोचत नव्हतं. दूधवाला घंटा वाजवून दमला. मी खिडकीतून डोकावलो तर आतून शांतपणे, "बोरस्ते, होल्ड करा. सगळं नाशिक डाऊन आहे." मी काठीने सुतळी ओढली. त्या दिवशी बाई पहिल्यांदा माझ्यासमोर रडल्या. पुतण्याला सांगू नका, एवढंच सारखं म्हणत राहिल्या. मी सांगितलं नाही. गादी माळ्यावर गेली, पिंजाऱ्याची परत आली.

आता त्यांच्या फोनचं. रोज सकाळी त्यांचा फोन दोनदा वाजून बंद व्हायचा. त्या कधी उचलायच्या नाहीत. थोड्या वेळाने त्याच एक नंबर फिरवायच्या आणि काही न बोलता रिसीव्हर ठेवायच्या. मला वाटायचं, जुनी खोड आहे, लाईन चालू आहे का बघत असतील.

एका सकाळी वैशाली डबा परत द्यायला तिकडे गेली. लीलाताई न्हाणीघरात. फोन वाजला. बिचारीला आजारी बाईचा पुळका आला आणि तिने उचलला. "हॅलो, देवऱ्यांकडे," एवढं म्हणेपर्यंत फोन कट.

लीलाताई भिंत धरधरून बाहेर आल्या. चेहरा पांढराफटक. "उचललास? अगं, उचलायचा नसतो गं तो."

मग त्यांनी सांगितलं. मनमाडच्या एक्स्चेंजला सुमन म्हणून होती. दोघी वर्षानुवर्षं एकमेकींना लाईन द्यायच्या. ही तिला मनमाड म्हणायची, ती हिला नाशिक. भेटी तुरळक, आवाज मात्र रोजचा. तीही एकटी, तिलाही सांधेवात. रिटायर झाल्यावर दोघींनी ठरवलं, सकाळी उठता आलं की घंटी द्यायची. पलीकडचीने उचलायचं नाही, उलट घंटी द्यायची. म्हणजे दोघी उठल्या.

"आणि उचलला तर?" वैशालीने विचारलं.

"उचलला म्हणजे घरात दुसरं कुणीतरी आहे. आमच्या घरात दुसरं कोण येतं? एक डॉक्टर, नाहीतर खांदा द्यायला आलेले."

त्यांनी लगेच मनमाडला घंटी दिली. कुणी फोन उचलला नाही. बाईंचा जीव भांड्यात पडला. "नाही उचलला. म्हणजे ठीक आहे सगळं," म्हणाल्या आणि चहा प्यायल्या.

दुपारी दारात रिक्षा थांबली. तिच्यातून एक किरकोळ बाई उतरली, उतरली म्हणजे रिक्षावाल्याने जवळजवळ काढलीच. गुडघे सुजलेले, चष्मा वाकडा, काखेत एक उशी. एसटीत सीटला पाठ टेकवत नाही म्हणून आणलेली. लीलाताई दारात उभ्या दिसल्या तशी ती उंबऱ्यातच बसली.

"मेली नाहीस होय गं नाशिक?"

"नाही गं. शेजारणीने उचलला."

"मग एसटीचे हाल फुकट की माझे."

दोघी त्या मध्ये-कडक-कडेला-मऊ गादीवर बसून संध्याकाळपर्यंत बोलल्या. एकमेकींच्या उशा दाबून पाहिल्या. सुमनताईंनी काखेतली उशी दाखवली. "ही पोटाशी घेते मी. हिचं नाव नाशिक." लीलाताई तिचा अभ्रा नीट करत राहिल्या. जेवायला उठायची वेळ आली तेव्हा एकीलाही उठता येईना. मी आणि वैशालीने एकेकीला ओढून उभं केलं. सगळे हसलो, पण मला ते दोन जीव बघून आतून फार वाईट वाटलं. इतकं करून मिळत काय होतं? फक्त एक सकाळ. दुसऱ्या दिवशी परत तीच मनगटं आणि तेच होल्ड करा.

पुढची दोन-तीन वर्षं अशीच गेली. औषधं बदलली, बोटं वाकडी होत गेली. सुतळीला आता मोठा फासा केला होता, मनगट अडकवून ओढता यावं म्हणून. भिंतीपलीकडचं "हॅलो" हळू होत गेलं, पण सकाळी फोन वाजायचा, आणि दूधवाल्याच्या आत कडी निघायची.

मग थंडीतली एक सकाळ. कडी निघाली, पण "लागली लाईन" ऐकू आलं नाही. आम्ही आत गेलो. लीलाताई आडव्याच, फासा मनगटात तसाच.

"घंटी आली नाही," त्या म्हणाल्या.

"उशीर झाला असेल."

"उशीर रेल्वेला होतो, मनमाडला नाही. तुम्ही लावा बोरस्ते. माझी बोटं आज चालत नाहीत. दोन घंट्या जाऊ द्या आणि ठेवा."

नंबर त्यांनी तोंडपाठ सांगितला. पलीकडे घंटी जायला लागली. आपण केलेला फोन कुणी उचलू नये, असं मला जन्मात पहिल्यांदा वाटत होतं.

खट् झालं. पुरुषाचा आवाज. मागे बरीच माणसं. "हॅलो? कोण?"

मी लीलाताईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"उचलला," त्या म्हणाल्या. "ठेवा."

"विचारतो ना. पाहुणे आले असतील कदाचित."

"ठेवा हो. तो कोण असेल त्याला परत ते बोलायला लावू नका. सकाळपासून तेच सांगत असेल."

मी ठेवला. वैशालीने चहा आणला, तो निवत राहिला. काय करावं कळेना म्हणून मी म्हणालो, "लीलाताई, लाइनी जोडायच्या ना? मनगटापासून सुरू करू या."

"कुणासाठी?"

दार उघडंच होतं, दूधवाला दूध ठेवून गेला. मग त्या वैशालीला म्हणाल्या, "मनमाड सरकलंय गं. जरा घट्ट धरवून दे. माझे हात मिटत नाहीत."

वैशालीने त्यांचे दोन्ही हात उचलून उशीभोवती ठेवले आणि ते सुटू नयेत म्हणून तशीच धरून बसली.