माणूस पदाचा कार्यभार

मे महिन्यात बदल्यांचे आदेश निघाले, त्यात माझी माणूस या पदावरून मैलाचा दगड या पदावर प्रशासकीय कारणास्तव बदली झाली.

आदेश नेहमीसारखाच होता. वर जावक क्रमांक, खाली सात जणांना प्रती. बावीस वर्षं मी कचेरीत बदल्यांचंच टेबल सांभाळलं. मागच्या साली एका ग्रामसेवकाला बाभूळ केलं, तो आदेशही मीच टाइप केला होता. तो रडत आला तेव्हा मी त्याला 'नोकरी म्हटली की बदली आलीच' असं वर ऐकवलंही होतं. जावं त्याच्या वंशा तेव्हा कळतं म्हणतात, ते खोटं नाही. माझ्या नावाचा कागद हातात पडला आणि मी नियमांच्या पुस्तकात सूट शोधत बसलो.

नवं ठिकाण होतं राज्यमार्गावर, गावापासून चौदा किलोमीटर, डावी बाजू. मी पाटोदेकर साहेबांना भेटलो.

"साहेब, मुलगी सहावीत आहे. एखादं वर्ष थांबवता येतं का?"

"उटगे, नियम तुम्हाला माहीत आहेत. पंचेचाळीस वर्षं झाली तुम्हाला एकाच पदावर."

"आता कुठे सवय होत होती साहेब."

"सवय झाली की बदली करतात," साहेब म्हणाले. त्यांनी घंटी वाजवून चहा मागवला, माझ्यासाठीही. म्हणजे विषय संपला होता. "तीन दिवसांत चार्ज द्या. बदलून येणाऱ्याने सही केली नाही, तर पदच रद्द होईल. तुम्हाला तरीही जावं लागेल, आणि घरच्यांना कुणीच मिळणार नाही. तेव्हा यादी पूर्ण करा. मागे एकाने निम्म्या गोष्टी लिहिल्याच नाहीत. त्याच्या जागी आलेला अजून हसायचं कसं ते विचारत फिरतो."

घरी कलावतीला सांगितलं. तिने आदेश दोनदा वाचला. "मी बोलू का साहेबांच्या मंडळींशी?" असं म्हणाली, आणि मग स्वतःच नको म्हणाली. शेवटी "तिथं ऊन लई असंल हो," एवढंच बोलून आत गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासत बसली. मला रडू येत होतं, पण पहिला दिवस तसाच संपत आला होता आणि यादी करायची होती.

माझ्या जागी येणारा दुसऱ्या दिवशी सकाळी हजर झाला. बुटका, भक्कम, टाळूला अजून हिरवा रंग लागलेला. कुणी आत बोलावलं नाही म्हणून तासभर फाटकाबाहेर उभा होता. अडतीस वर्षं त्याने चौदा किलोमीटरवर मैलाचा दगड म्हणून काढली होती. खुर्ची दिली, तर तो नुसता तिच्याकडे बघत राहिला.

मी एकेक बाब वाचत गेलो. न्याहारीनंतर रक्तदाबाची गोळी. डावा गुडघा, जिना उतरताना जपायचा. स्कूटर, तिसऱ्या किकला चालू होते. थोरल्या भावाशी अबोला, मुदत सात वर्षं.

"हा पुढे चालू ठेवायचा की मिटवायचा?" त्याने विचारलं.

"मला ठरवता आलं नाही. प्रलंबित लिहा."

त्याने तसं लिहून सही केली. अक्षर ठळक होतं, लांबून वाचता येईल असं. संध्याकाळपर्यंत एकशे बारा बाबी झाल्या. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात त्याने शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे 'पदाचं प्रयोजन' असं छापलेलं होतं आणि पुढे कोरं होतं.

"माझं पोटावरच लिहिलेलं असायचं," तो म्हणाला. "येणाऱ्याला कळायचं, गाव किती राहिलं. तुमचं कुठे लिहिलंय?"

मी म्हणालो, बघून सांगतो. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कचेरीतली जुनी कपाटं उपसली. हे पद कधी, कशासाठी निर्माण केलं याचा एकही कागद नव्हता. पाटोदेकर साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "आपण कधी मागवलाच नाही." हे सांगताना त्यांचा आवाज जरा बारीक झाला. त्यांची याच पदावर माझ्याहून जास्त वर्षं झाली होती; पुढची बदली त्यांचीच असेल, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

दुपारी मी त्याला तोंडी सांगून पाहिलं.

"कमवायचं, खायचं, लेकरं वाढवायची."

"लेकरं म्हशीही वाढवतात. माझ्याजवळ चरायला यायच्या."

"चांगलं वागायचं."

"वागता का?"

"कधीकधी."

"कधीकधीवर मी सही कशी करू?" तो म्हणाला. तो अडवणूक करत नव्हता. खरोखरच अडला होता, आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. चार वाजले, पाच वाजले. सहाला मुदत संपणार होती. त्यानंतर या घरात माझ्या जागी कुणीच नसणार होतं. कलावती दोनदा दारापर्यंत येऊन घड्याळ बघून गेली.

साडेपाचला मी उठून फाटकाशी गेलो. तो मागोमाग आला.

"कुठे निघालात?"

"आमच्या रोहिणीची शिकवणीहून यायची वेळ झाली. तिला हायवे ओलांडावा लागतो. ती वळणावर दिसेपर्यंत मी इथे थांबतो."

"तुम्ही थांबल्याने गाड्या थांबतात?"

"नाही."

"मग उपयोग काय?"

"उपयोग काही नाही. भीती वाटते."

"रोज?"

"रोज. ती जन्मली त्या दिवसापासून."

त्याने यादी चाळली. "हे यात नाही."

मी मुद्दामच लिहिलं नव्हतं. गुडघा दिला, गोळी दिली, भाऊसुद्धा दिला. एवढं एक मला द्यायचं नव्हतं.

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "अडतीस वर्षं मी याच रस्त्याकडे बघितलं. कोण आलं, कोण यायचं राहिलं, मला कधी काही वाटलं नाही. हे त्या कोऱ्या रकान्यात लिहा. मी सही करतो."

पावणेसहा झाले होते. रोहिणी अजून दिसत नव्हती. मी यादी फाटकावर टेकवली. मी लिहिलं, 'मुलगी दिसेपर्यंत फाटकाशी उभं राहून भिणे.' आणि कागद त्याच्यापुढे धरला. त्याने सही केली.

लगेच त्याने फाटकाची सळई घट्ट धरली.

"हे असं असतं? एवढं?"

"हो."

"किती वेळ चालतं?"

"ती दिसेपर्यंत. उद्या पुन्हा."

वळणापलीकडे ट्रकचा ब्रेक कर्कश वाजला. तो ओरडला आणि अनवाणीच धावत सुटला. दोनदा पडला, त्याला पळायची सवय नव्हती. मी जागचा हललो नाही. ट्रक मालाने भरलेला होता, उत्तरेकडे चालला होता, एवढं माझ्या लक्षात आलं. छातीत पूर्वी काहीतरी असायचं ती जागा आता गार आणि शांत होती.

थोड्या वेळाने तो रोहिणीचा हात धरून आला. तिला काही झालं नव्हतं. ट्रकसमोर कुत्रं आलं होतं, तेही वाचलं होतं. तो मात्र हुंदके देऊन रडत होता.

"बाबा, सोडा ना हात," रोहिणी त्याला म्हणत होती, "समदे बघायलेत."

कलावती धावत बाहेर आली. तिने आधी पोरीला चाचपून पाहिलं, मग पदराने त्याचं तोंड पुसलं. "अहो, आली ना ती," ती त्याला म्हणाली, "आता कशाला रडता?" तिघं आत निघाली, तेव्हा कुठे तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. तिने पदर सावरला.

"तुम्ही कुणाकडं आलता?"

"सहीचं काम होतं," मी म्हणालो. "झालं."