डावं दार

प्रदर्शन उघडून चार दिवस झाले, तरी डाव्या दारातून एकही माणूस गेला नव्हता. उजव्या दारावर 'प्रामाणिक' अशी पाटी होती, डाव्यावर 'अप्रामाणिक'. आपलं दार आपण निवडायचं आणि आत जायचं, एवढीच ती कलाकृती. पुणेकरांनी पाट्या वाचल्या आणि झाडून सगळे उजवीकडून आत गेले. एका आजोबांनी तर विचारलं, "डावं दार बाहेरगावच्यांसाठी आहे का?"

कलाकृती जिची होती, ती राजनंदिनी रडकुंडीला आली. तिने दारावरच्या कचरूमामांना बाजूला घेतलं.

"मामा, उद्यापासून युनिफॉर्म नको. साध्या कपड्यांत या आणि दर अर्ध्या तासाने डावीकडून आत जा. एकाने सुरुवात केली की बाकीचे जातील."

"पण मॅडम, मी काय केलंय?"

"काहीच नाही हो. ॲक्टिंग समजा."

"मी रोज सकाळी पंचशील घेतो. खोटं बोलणार नाही म्हणतो."

"बोलायचंय कुठे? नुसतं चालायचंय. नाहीतर शो बंद पडेल आणि तुमची ड्युटीपण. आणि हे कुणाला सांगायचं नाही हं, घरीसुद्धा."

एकसष्टाव्या वर्षी दुसरी नोकरी कोण देणार? तीस वर्षं पोस्टमन असताना ज्यांनी दुसऱ्याचं साधं कार्डसुद्धा वाचलं नाही, ते कचरूमामा मान खाली घालून डाव्या दारातून गेले. लाज खरीच वाटत होती, त्यामुळे ॲक्टिंग फार चांगली झाली. कुणीतरी फोटो काढला, खाली लिहिलं, 'पुण्यातला एकमेव प्रामाणिक माणूस', आणि संध्याकाळी तो येरवड्यात त्यांच्या विहाराच्या ग्रुपवर येऊन पोचला.

घरी जयाबाईंनी ताट वाढलं नाही.

"काय केलंत?"

"काही नाही."

"काही नाही, तर त्या दारातून कशाला जाता? बाई आहे का कुणी?"

"अगं, या वयात?"

"म्हणजे आधी होती!"

दुसऱ्या दिवशी डाव्या दाराशी ही रांग लागली. उजवं दार ओस पडलं. आता मामांची गरज उरली नव्हती, पण तोवर एका नागरिक मंडळाने तीन दिवसांनी प्रदर्शनाच्याच हॉलमध्ये त्यांचा सत्कार ठरवून टाकला होता. सत्कारमूर्तीला विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

शाल झाली, नारळ झाला. पहिल्या रांगेत जयाबाई हाताची घडी घालून बसल्या होत्या. अध्यक्षांनी माईक पुढे केला. "सांगा मामा, कोणती गोष्ट मनाला खातेय?"

राजनंदिनी डोळे वटारून बघत होती. खरं एक वाक्य बोललं असतं तर घर सावरलं असतं आणि नोकरी गेली असती. मामांनी माईक हातात घेतला.

"पोस्टात असताना..." ते म्हणाले, "एकाचं पत्र फोडून वाचलं होतं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हॉल रिकामा झाला तेव्हा जयाबाई उजव्या दाराशी उभ्या होत्या. चेहरा चार दिवसांत पहिल्यांदा निवळला होता.

"एवढंच होतं होय! एक पत्र! मी मेलीनं काय काय मनात आणलं. चला, घरी गेल्यावर पिठलं टाकते."

मामा डावीकडे वळले.

"अहो, तिकडून कशाला? आता कोण बघतंय?"

मामांनी खांद्यावरची शाल काढून काखेत धरली आणि आज पहिल्यांदा, कुणी न सांगता, ते डाव्या दारातून गेले.