लोटन मास्तरांची चाकाची पेटी

जळगावच्या बॅगांच्या दुकानात लोटन मास्तर शिरले ते खांद्यावर गोधडीत गुंडाळलेला युफोनियम, बँडमधला भला मोठा पितळी बाजा, घेऊन. दुकानदार हितेंद्रने ते गाठोडे पाहिले आणि हात जोडून सांगितले की आम्ही जुने कपडे घेत नाही. मास्तरांना ते लागले. दोंडाईचाच्या 'विजयध्वज ब्रास बँड'चे मालक, वीस वर्षे ट्रंपेट फुंकलेला माणूस, आणि जग त्यांना ओळखणार ते बायकोच्या गोधडीवरून.

गोधडीने याआधीही घात केला होता. गेल्याच महिन्यात एका लग्नात आचाऱ्याने त्यांचे गाठोडे कांद्याचे समजून त्यावर वरणाचे पातेले टेकवले. ट्रॉम्बोन वाकला तो वाकलाच, वर आचारीच गुरकावला की बाजावाल्यांनी आपला पसारा बाहेर ठेवावा. त्या दिवशी मास्तरांनी मनाशी गाठ बांधली, की यापुढे आपला बँड मांडवात शिरेल तो चाकांवर.

आणि घाईही होती. पुढच्या आठवड्यात शिरपूरला प्रेमराज पाटलांच्या मुलीचे लग्न होते. नवरदेव फैजपूरचा, केळीच्या बागांचे मालक जीवराम चौधरी यांचा थोरला. धाकट्याचे लग्नही त्याच हंगामात निघाले होते, आणि त्याला बाजा कोणाचा सांगायचा हे जीवरामभाऊ शिरपूरला ऐकून ठरवणार होते. फैजपूर हाती आले की अख्खा केळीचा पट्टा आपलाच, असे मास्तर रोज जेवताना बायकोला, कुंदाबाईंना, ऐकवत. कुंदाबाई रोज आणखी एक भाकरी वाढत.

हितेंद्रने एक काळी, जाड कवचाची पेटी काढली. आत वाद्यांना धरणारे पट्टे, खाली रबरी चाके. पेटी आदळली तरी वाद्याला धक्का लागणार नाही, असे तो म्हणाला. मास्तरांसोबत आलेल्या ट्रॉम्बोनवाल्या नवलने माप घेतले. बरोबर बसत होते. पण तोतारामला, म्हणजे युफोनियमवाल्याला, ती पसंत पडेना.

"मास्तर, हाई तं मयतना सामाननी पेटी दिसस."

तेवढ्यात मास्तरांची नजर कोपऱ्यात गेली. तिथे एक डाळिंबी रंगाची भलीमोठी पेटी उभी होती. चकचकीत अंग, कोपऱ्यांना सोनेरी पत्रे, मुठीला सोनेरी गोंडा. बँडच्या गणवेशाचा रंगही हाच आणि कलाबूतही अशीच. मास्तरांनी तिला बोट लावले आणि ती फरशीवरून आपणहून निघाली.

"मास्तर, ही नवरीच्या सामानाची आहे," हितेंद्र म्हणाला. "लोक आंदणात देतात."

दुकानदार इतक्या क्वचित खरे बोलतात, की बोलले तरी गिऱ्हाइकाला ओळखू येत नाही. काळी पेटी खपवायचा डाव आहे, असे समजून मास्तर गालात हसले आणि डाळिंबी पेटी घेऊन निघाले. गादीवाल्याकडून आत फोम कापून घेतला. दोन ट्रंपेट, ट्रॉम्बोन, युफोनियम, ढोल-ताशा सोडून सगळा बाजा आत मावला.

लग्नाच्या दिवशी शिरपूरच्या मंगल कार्यालयात पेटी आली ती खरोखरच राणीसारखी. मास्तरांनी तिला दारापासून पायरीपर्यंत दोनदा फिरवले, कारण पहिल्यांदा कोणी पाहिले नव्हते. मग ती पायरीशी उभी करून सगळे चहा घ्यायला मागच्या बाजूला गेले. बाजावाल्यांचा चहा मागेच असतो.

परत येऊन पाहतात तो पेटी नाही. नवरीच्या काकांनी ती उन्हात उभी पाहिली, पोरीचे आंदण असे बाहेर टाकतात का म्हणून चारचौघांत आरडाओरडा केला, आणि दोघांनी ती उचलून वरच्या मजल्यावर वऱ्हाडाच्या एसी खोलीत फ्रिज आणि कपाटाच्या मधोमध नेऊन ठेवली. तिला हळदकुंकू लागले, झेंडूचा हार पडला. वाजवणारे उन्हात आणि वाद्ये एसीत, अशी त्या दिवशीची व्यवस्था झाली.

मास्तर धावत वर गेले. दारात नवरदेवाची आत्या भागाबाई पाय पसरून बसल्या होत्या. त्यांनी डाळिंबी कोटाकडे पाहिले आणि वर न बघताच सांगितले की बाजावाल्यांनी खाली थांबायचे.

मास्तरांनी प्रेमराजना गाठले. सगळे ऐकून प्रेमराजच्या तोंडचे पाणी पळाले. जीवरामभाऊंनी आताच पन्नास माणसांसमोर पेटीवर थाप मारून व्याह्याचे कौतुक केले होते. आता ती पेटी बाजावाल्याची आहे असे सांगायचे, म्हणजे पोरीला जन्मभर ऐकून घ्यावे लागणार.

"लोटनभाऊ, तुम्हना पाया पडस," प्रेमराज म्हणाले. "पेटी चार दिसमां मी सोता आनी देसू. आते फक्त आतला बाजा काढा."

युक्तीही त्यांनीच काढली. मास्तरांनी कोट उतरवायचा, पांढरा सदरा आणि फेटा घालायचा, आणि नवरीचे धुळ्याचे चुलतमामा म्हणून आत जायचे. वऱ्हाडातल्या बायका नवरदेवाच्या घोड्यापुढे नाचायला खाली उतरल्या, की वाद्ये मागच्या खिडकीतून दोरीने तोतारामच्या हातात सोडायची. कोणी ओळखेल याची भीती नव्हती. बाजावाल्याचा कोट सगळे पाहतात, तोंड कोणी पाहत नाही.

मास्तर फेटा बांधून पुन्हा वर आले, तेव्हा त्याच भागाबाई उठून उभ्या राहिल्या. "या मामा, बसा. तुमच्यासाठी जागा ठेवेल आहे."

खुर्ची गादीची होती. हातात सरबत आले, पंखा त्यांच्याकडे वळला. वीस वर्षांत मास्तर लग्नात पाहुणे म्हणून बसले असे हे पहिल्यांदाच. पेटी मामांनी दिली का, असे भागाबाईंनी विचारले, आणि मास्तरांच्या तोंडून हो निघून गेले. आत काय आहे?

"पितळ आहे," मास्तर म्हणाले. खोटे नको म्हणून तेवढे तरी खरे बोलले.

खाली घोडा आला. बायका उतरल्या. खोली रिकामी झाली आणि खिडकीखालून तोतारामचा आवाज आला, "मास्तर, बाजा खाले सोडा ना. नुसता ढोल वाजी ऱ्हायना." मास्तर म्हणणार होते की उठतोच, पण ग्लासात अजून दोन घोट होते आणि गादी मऊ होती. ते दोन घोट संपायच्या आत जीवरामभाऊच मामांना भेटायला वर आले. खिडकीशी कोण बोलते आहे, असे त्यांनी विचारले.

"कोणी नाही," मास्तर म्हणाले. "बाजावाला असेल."

मग जीवरामभाऊ मामांना हाताला धरून खाली घेऊन आले. बाहेर एक ढोल आणि एक ताशा यांच्यावर नवरदेव मांडवात आला. लोक हसत होते. लग्न लागले आणि जीवरामभाऊंनी मामांना पहिल्या पंगतीला बसवले. तिकडे फ्रिज, कपाट आणि हार घातलेली पेटी फैजपूरच्या टेम्पोत चढली, आणि प्रेमराज दुरून तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसत उभे होते. मास्तरांनी हे सगळे पाहिले. ते अर्धवट उठलेही, पण पानात मठ्ठा आला होता आणि वाढणारा त्यांना मामा म्हणत होता.

"हे असे बाजावाले," जीवरामभाऊ शेजारी बसत म्हणाले. "तोंडं घेऊन आले नं बाजा घरीच इसरले. काय म्हनता मामा?"

"लाज वाटायला पाहिजे," मास्तर म्हणाले. दुसरे काय म्हणणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

"तुम्ही धुळ्याचे, जानते मानसं. धाकल्याच्या लग्नाले हाच दोंडाईचाचा लोटन सांगायचा इचार होता. त्याचं नाव लय ऐकलं होतं. आता तुम्हीच बोला, सांगू का नको?"

मास्तरांनी घास खाली ठेवला. अख्खा केळीचा पट्टा त्या एका प्रश्नात होता, आणि एका शब्दात तो हाती येणार होता. पण तो शब्द बोलायचा तर त्याची बाजू का घेता, तो तुमच्या ओळखीचा कसा, तुमचा कोण, हे पुढचे प्रश्न येणार होते, आणि मग ही गादी, हा फेटा, हे पहिल्या पंगतीचे पान, सगळेच जाणार होते.

"नकोच," मास्तर म्हणाले. "त्याला वाजवण्यापेक्षा मिरवायचाच सोस जास्त."

जीवरामभाऊंनी मान डोलावली, आणि मामांच्या पानात आणखी दोन जिलेब्या वाढायला सांगितल्या.